पदर कुठे सुटला?

होडी फुटली की दोष समुद्राला देऊन मोकळं होता येतं. खडक लागला, लाट चढली, शेजारची होडी येऊन आदळली. लाकडाच्या होडीबाबत हे पुष्कळदा खरंही असे. फायबरच्या होडीनं हा हिशेब अवघड करून ठेवला आहे. डहाणू, धाकटी डहाणू, चिंचणी, झाई या पट्ट्यात ती आता नवलाची राहिलेली नाही. वजनाला हलकी, सांध्यांत काथ्या कोंबावा लागत नाही, लाकूड पोखरणारा किडा तिच्या वाटेला जात नाही. पण ती बिघडते तेव्हा नेमकी कधी बिघडली, हे विचारायला दोन जाणकार बसवले तर तीन मतं निघतात.

इथं दोघांनाच उभं केलं आहे. एक मामा, किनाऱ्यावर फायबरचं काम करणारा मिस्त्री. दुसरी त्याची भाची, काच आणि कार्बनच्या धाग्यांपासून केलेल्या वस्तू किती ताणल्यावर मोडतात याच्या चाचण्या घेणारी इंजिनिअर. नावं दिलेली नाहीत, कारण ही दोन माणसं म्हणजे खरं तर दोन बाजू आहेत आणि त्या मी माझ्या सोयीनं समोरासमोर आणल्या आहेत. दिवस जुलैचे, मासेमारी बंद, होडी वर ओढून एका कुशीवर कलती ठेवलेली. नाळेपासून हातभर मागे, एरवी पाण्याखाली राहणाऱ्या भागावर रुपयाएवढा डाग आहे आणि त्याच्याभोवती बारीक रेषा.

मामा : खडकाचा मार आहे, दुसरं काही नाही. वाढवणच्या बाजूला ओहोटीला खडक उघडे पडतात, तिथं लागली असणार. एवढं घासून काढलं, काचेच्या धाग्यांच्या दोन मॅट मारल्या, वर जेलकोटचा गुळगुळीत थर दिला की झालं काम.

भाची : मार आहे हे खरं. रेषा एका ठिकाणाहून चहूकडे फुटल्यात. होडी वाकून-वाकून पडलेल्या रेषा अशा नसतात, त्या एकीला लागून एक समांतर जातात. इंजिनाच्या बैठकीजवळ बघा, तिथं तशा आहेत.

मामा : मग आपलं जमलं की. भांडतेस कशाला?

भाची : दुखणं रुपयाएवढंच आहे हे मला पटत नाही म्हणून. बाहेरून धक्का बसतो तेव्हा फायबरचा पत्रा आत वाकतो, मामा. आतल्या अंगाचे धागे ताणले जातात, तुटतात तेही आधी तिथंच. आणि मधले थर एकमेकांवरून सरकू बघतात. थराच्या आत धागा आहे, पण दोन थरांच्या मध्ये काय आहे? धाग्यांना चिकटवणारं नुसतं रेझिन. तिथं ते सुटतात. जेवढं आत जावं तेवढं हे सुटणं पसरत जातं.

मामा : म्हणजे घडीच्या पोळीसारखं. वरून एक दिसते, आत पदर वेगळे.

भाची : तसंच. फक्त पोळीचे पदर सुटलेले चांगले, इथले नाहीत.

मामानं हातोडी उलटी धरली आणि दांड्यानं ठोकायला सुरुवात केली. डागापासून दूर टणटणीत आवाज. मग जवळ, आणखी जवळ. एका जागी आवाज बसला, बद्द झाला. तिथं खडूची खूण. दुसऱ्या बाजूनं पुन्हा तेच. खुणा जोडल्या तर डाग रुपयाएवढा आणि भोवतालचं वर्तुळ चांगलं वीतभर निघालं.

ही काही गावठी युक्ती नाही. विमानाच्या पंखाचे किंवा शेपटीचे थर सुटलेत का, हे बघायला विमानतळावरचा मेकॅनिकही नाण्यानं नाहीतर छोट्या हातोडीनं ठोकून कान देतो. तिथं पुढची तपासणी ध्वनिलहरींच्या यंत्रानं होते, इथं खडू पुरतो. भाचीनं यावर वाद घातला नाही. तिचा वाद वेगळाच होता.

भाची : एवढ्याशा मारानं वीतभर पदर सुटायला नको होता. होडी बांधतानाच काहीतरी राहिलंय.

मामा : ही मी बांधलेली नाही.

भाची : म्हणून तर मोकळेपणानं बोलते. मॅट दमट असली तर रेझिन धाग्याला धरत नाही. रोलर घाईनं फिरवला की हवा आतच राहते. रेझिन कमी पडलं तर धागे कोरडे, जास्त पडलं तर पत्रा जाड दिसतो पण ठिसूळ होतो. रेझिन घट्ट करणारा हार्डनर कमी टाकला तर ते कायमचं अर्धकच्चं राहतं, जास्त टाकला तर इतकं तापतं की निवताना आतूनच तडकतं. समुद्र पुढचं काम करतो, पण सुरुवात साच्यातच झालेली असते.

मामा : हे तू मला नको शिकवूस. मे महिन्यात दुपारी काम धरलं तर रेझिन डब्यातच गोळा होतं. म्हणून आम्ही सकाळी मारतो आणि हार्डनर हात आखडून टाकतो. पावसाळी हवेत थोडा वाढवतो. रेझिनला वेग देणारा कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत सरळ ओतायचे नाहीत, भडका होतो, हेही मला कुणी पुस्तकातनं सांगितलेलं नाही.

भाची : हात आखडून म्हणजे किती?

मामा : अंदाजानं.

भाची : तिथंच माझं भांडण आहे. शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दोन ग्रॅम, एवढ्यातच सगळा खेळ. एका ग्रॅमचा फरक तुमच्या अंदाजाला कळतो, तुमच्या हाताखालच्या पोराला कळत नाही.

मामा : आणि मालकाला कळत नाही त्याचं काय? मार्चमध्ये ये म्हटलं तर मेच्या शेवटी येतो. तुझ्या प्रयोगशाळेत एसी असेल. इथं वर ताडपत्री, खाली ओली वाळू.

मामाच्या या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते पुस्तकांतून सहसा निसटतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या वर येतात त्या तेव्हाच, आणि दुरुस्तीला निवांत वेळ मिळतो तोही तेव्हाच, म्हणजे हवा वर्षातली सर्वांत दमट असताना. काचेची मॅट दमट हवेत उघडी पडली की पाणी धरते. धागा आणि रेझिन यांची पकड जिथं व्हायची तिथंच हा ओलावा बसतो. नुकसानीच्या कारणांच्या शास्त्रीय यादीत मार, थकवा, उष्णता, ऊन, पाणी सगळं सापडतं. पंचांग मात्र सापडत नाही.

मामा : बरं, मागच्या साली एका होडीच्या तळाला फोड आले होते. वाटाण्याएवढे, पसरलेले. मालकानं रंगवाल्याला शिव्या घातल्या. मी एक टोचून बघितला, आतलं पाणी आंबट वासाचं. ते काय होतं?

भाची : जेलकोट चकचकीत दिसतो, पण पाणी त्यातून अगदी सावकाश आत जातंच. आत हवेची पोकळी राहिलेली असते, तिथं कच्च्या रेझिनमधलं जे विरघळण्यासारखं आहे ते विरघळतं. झालेलं द्रावण बाहेरच्या पाण्यापेक्षा घट्ट, म्हणून ते आणखी पाणी ओढतं. पाणी आत येतं, पण विरघळलेला माल बाहेर जात नाही. दाब वाढतो आणि वरचा थर फुगतो. रंगवाल्याचा काही दोष नाही.

मामा : खाऱ्या पाण्यानं खाल्लं म्हण.

भाची : उलट, गोड्या पाण्यात फोड लवकर येतात. समुद्राचं पाणी मुळात घट्ट, त्यामुळे ओढ कमी पडते. पावसाळ्यात पुराचं पाणी खाडीत उतरतं तेव्हा तिथं बांधून ठेवलेल्या होडीला जास्त धोका.

मामा : हे नवीन आहे.

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं विषय बदलला नाही, बाजू बदलली.

मामा : काच एवढी मजबूत म्हणतात, मग हे आधी तडकतं कसं?

भाची : काचेचा धागा मजबूतच आहे. केसाहून बारीक, आणि ओढला तर रेझिनपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणूनच पहिली चीर धाग्यात पडत नाही, रेझिनमध्ये पडते, तीही ओढीला आडव्या पडलेल्या धाग्यांच्या कडेनं. अशा चिरा एक-दोन नसतात, अंतरा-अंतरानं कितीतरी पडतात. होडी मोडत नाही, नुसती थोडी सैल होते. पुढं या चिरा थरांच्या सांध्याशी पोचतात आणि तिथून आडव्या वळतात, की पदर सुटला. मग भार उरलेल्या धाग्यांवर येतो आणि अखेरीस धागे तुटतात. लोकांना ऐकू येतो तो या शेवटच्या पायरीचा आवाज. आधीच्या पायऱ्या सहसा मुक्या.

मामा : हेच मला फायबरचं आवडत नाही. सागाची फळी आधी करकरते. कुजायला लागली की बोटानं दाबून कळतं. ही बया शेवटपर्यंत हसत राहते.

भाची : लाकूडही धाग्यांचंच बनलेलं आहे, मामा. लाकडातही धागा आणि त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. म्हणून ते रेषेनं चिरतं, आडवं सहसा नाही.

मामा : मग आता कुडाचं ऐक. तेही तसंच ना? कारवीच्या काठ्या म्हणजे धागा, वरची माती म्हणजे तुझं रेझिन. तलासरीकडं एवढे भूकंपाचे धक्के बसले. मातीचे पोपडे पडले, पण कारवी कुठं मोडली? सिमेंटच्या भिंतींना तडे गेले. कुणी वजनकाटा घेऊन बांधली होती ती कुडाची घरं?

मामानं इथं खेळी चांगली केली, म्हणून वाद थांबवून थोडं सविस्तर सांगतो. डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांवर वारली घराची भिंत कारवीच्या काठ्या उभ्या लावून, बांधून होते; तोच कुड. तिला दोन्ही अंगांनी माती आणि शेणाचा लेप, त्यात कुठं पेंढा, कुठं भाताचं तूस. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी पडलं की मरते, मागं सरळ वाळक्या काठ्या उरतात. धागा आणि त्याला बांधून ठेवणारं माध्यम ही कल्पना या भिंतीत आधीपासून आहे, आणि पेंढ्या-तुसाच्या बारीक तुकड्यांचं काम मॅटमधल्या काचेच्या तुकड्यांसारखंच आहे: चीर पडली तरी तिला पसरू न देणं.

नोव्हेंबर २०१८ पासून या दोन तालुक्यांत भूकंपाच्या छोट्या धक्क्यांची माळ लागली. धुंदलवाडी हे नाव तेव्हा राज्यभर पोचलं. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची तीव्रता ४.१ होती. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं इथं भूकंपमापक बसवले आणि हजारो धक्के नोंदवले. लोकांनी थंडीत तंबूंत रात्री काढल्या. मोठ्या भूकंपात घर एका झटक्यात जातं. धक्क्यांच्या अशा माळेत तसं होत नाही. आज खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारखी चीर निघते, पुढच्या धक्क्याला ती बोटभर वाढते, महिन्याभरात छपरापर्यंत जाते. होडीच्या तळावर रोज आपटणाऱ्या लाटा आणि दिवसभर थरथरणारं इंजिन यांचं काम याच जातीचं असतं. एकही धक्का मोठा नसतो.

कुडाची भिंत अशा हादऱ्यांत टिकण्याचं एक कारण धाग्याचं आणि दुसरं वजनाचं. जमीन हलली की भिंतीवर जोर येतो तो तिच्या वजनाच्या प्रमाणात. कुड हलका, म्हणून जोर कमी, आणि काठी वाकू शकते. विटांची भिंत जड, वाकत नाही, आणि मध्ये लोखंडी सळीचा पट्टा नसेल तर तिला ओढीत धरून ठेवणारं काहीच नसतं.

भाची : म्हणून सगळ्यांनी कुडात राहावं असं म्हणू नका. काठीचं जमिनीतलं टोक कुजतं, वाळवी लागते, पावसाच्या बाजूची माती धुऊन जाते. लोकांना पक्कं घर हवं असतं ते हौस म्हणून नाही.

मामा : मी कुठं म्हणतो राहा म्हणून? मी एवढंच म्हणतो की कुडवाला दर वर्षी पाऊस सरला की भिंत सारवतो. भेग पडणारच हे त्याला ठाऊक असतं. फायबरची होडी घेणाऱ्याला विकणारा काय सांगतो? रंग नको, काथ्या नको, दहा वर्षं बघायला नको. मग तो दहा वर्षं बघतच नाही.

वादात भाचीचं पारडं आतापर्यंत जड होतं, पण इथं मी मामाच्या बाजूचा आहे. पदार्थ कसा मोडतो हे तिला जास्त कळतं. माणूस तो मोडेपर्यंत का थांबतो हे याला. सारवण म्हणजे भिंतीचं माध्यम दर वर्षी नवं करणं, आणि त्याची किंमत आदिवासी बायका किती सहज मोजत आल्या आहेत याचा पुरावा त्याच भिंतीवर असे. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, तांदळाच्या पिठानं लिहायचा आणि पुढच्या सारवणात तो गेला तरी हळहळायचं नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रं कागदावर, कापडावर आणली, तेव्हा ती टिकायला लागली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घरच्या भिंतीवर मात्र चित्रापेक्षा भिंत महत्त्वाची होती.

भाची : बघत नाही हे खरं. पण बघूनही न थांबणारे असतात. ‘टायटन’ पाणबुडी आठवते? टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली, २०२३ च्या जूनमध्ये पाच माणसांसह खोल पाण्यात चिरडली ती. तिचा नळा कार्बनच्या धाग्याचा होता. चौकशीत निघालं की घडवतानाच थरांत पोकळ्या आणि सुरकुत्या राहिल्या होत्या. २०२२ च्या जुलैत एका बुडीनंतर वर येताना मोठा आवाज झाला, आणि नळ्यावर बसवलेल्या यंत्रांच्या नोंदींतही फरक दिसला. पदर सुटला होता. तरी ती पुढं पुन्हा पाण्यात गेली.

मामा : म्हणजे तुझंही बरोबर आणि माझंही. घडवताना राहिलं, आणि वापरताना वाढलं.

भाची : सुरुवात कुठून होणार हे घडवण्यात ठरतं, एवढं तरी कबूल करा.

मामा : करतो. पण घडवणाऱ्याकडं मी आता मागं जाऊ शकत नाही. माझ्यासमोर आहे ती होडी.

आणि होडीकडं वळल्यावर दोघांची पुन्हा जुंपली, ती दुरुस्तीवरून. वरून दोन मॅट मारायच्या ही मामाची नेहमीची पद्धत. भाची म्हणाली, सुटलेल्या पदरावर नवा पदर चिकटवणं म्हणजे दोष झाकणं. खडूच्या वर्तुळातलं सगळं ग्रायंडरनं काढा, चांगला, टणक आवाजाचा थर लागेपर्यंत. कडा उभी ठेवू नका, उतरती करा. पत्रा जेवढा जाड, त्याच्या दहा-बारा पट लांब उतार, म्हणजे जुन्या धाग्यांवरचा भार नव्या धाग्यांवर सावकाश जाईल. एकदम संपणाऱ्या ठिगळाच्या कडेलाच पुढची चीर पडते. मामाला उताराचं पटलं. त्यानं लगेच हिशेब केला, वीतभर भागासाठी जवळजवळ दीड हात घासावं लागेल. ग्रायंडरची काचेची धूळ अंगाला किती खाजते हे त्यानं भाचीला सांगितलं, आणि तो तोंडाला नुसता रुमाल बांधतो हे तिनं स्वतः बघितलं होतं, त्यावर दोन मिनिटं वेगळं भांडण झालं.

भाची : आणि पॉलिएस्टर नको, इपॉक्सी वापरा. जुन्या, पक्क्या झालेल्या पत्र्याला पॉलिएस्टर तितकंसं धरत नाही.

मामा : इपॉक्सीचा भाव माहीत आहे? आणि त्याच्यावर नंतर कुणी पॉलिएस्टर मारलं तर तेच सुटतं. पुढचा मिस्त्री कोण असेल, त्याला कोण सांगणार?

भाची : आतून लिहून ठेवा. कायमच्या शाईनं.

मामा : आणि सुकवायचं कसं? घासलं की आतला ओलावा उघडा पडणार.

भाची : ताडपत्रीखाली दिवे लावा, पंखा लावा, पण घाई करू नका. आठवडा, दोन आठवडे. पत्रा ओला असताना भरलात तर पुढच्या पावसाळ्यात इथंच फोड येतील.

मामा : आज कितवी तारीख? एक ऑगस्टला बंदी उठते. पहिल्या आठवड्यात पापलेट, घोळ मिळाली तर त्या माणसाचा बँकेचा हप्ता जातो. त्याला मी दोन आठवडे थांब म्हणू?

भाची : मग इंजिनाच्या बैठकीजवळच्या त्या समांतर रेषांचंही सांगा. तिथं लाकूड आत घालून वरून फायबर केलंय ना? बोल्टच्या भोकातून पाणी गेलं असणार. ते लाकूड कुजलं असेल तर इंजिन हादरत राहील आणि तळ कितीही नीट केला तरी वर्षात परत हेच.

मामानं बैठकीच्या कडेला ठोकलं. बद्द. त्यानं दुसऱ्या बोल्टपाशी ठोकलं, तिथंही बद्द.

मामा : हे सांगितलं तर खर्च दुप्पट होतो.

भाची : पण आहे ते आहे ना?

मामा : आहे. एक काम कर, बाय. संध्याकाळी तो येईल तेव्हा थांब आणि हे सगळं तू सांग. तू शिकलेली, तुझं ऐकेल. मी सांगितलं तर म्हणेल मामा काम वाढवतोय, आणि उद्या दुसरा मिस्त्री घेऊन येईल दोन मॅट मारायला.